मराठवाड्यात बियाण्यापासून हिरवळ: मशागत, पेरणी आणि पहिला उन्हाळा

मराठवाड्यात घरापुढे हिरवळ करायची असेल तर पहिला हिशेब पाण्याचा मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे एक लिटर पाणी लागते, हे लक्षात ठेवले की बाकीचे गणित सोपे होते. पाचशे चौरस फुटांच्या तुकड्याला एक इंच पाणी द्यायला साधारण 1,200 लिटर लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत गवत हिरवे ठेवायचे असेल तर आठवड्याला निदान इंच-दीड इंच पाणी द्यावे लागते. आपल्याकडे कित्येक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात विंधन विहिरी आटतात, आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने आणलेल्या पाण्यावर दिवस काढावे लागले होते. ज्या प्रदेशाने हे पाहिले आहे, तिथे हिरवळीचे क्षेत्र हौसेवर न ठरवता मे महिन्यात घरात शिल्लक राहणाऱ्या पाण्यावर ठरवावे. माझ्या मते साध्या कुटुंबाला दोनशे ते पाचशे चौरस फूट हिरवळ पुरते. उरलेल्या जागेत कडुनिंब, बहावा, कण्हेर, जास्वंद अशी झाडे लावावीत किंवा जागा फरशीविना मोकळी ठेवावी.

एवढे ठरल्यानंतर दुसरा प्रश्न येतो तो तयार गाद्या आणायच्या की बियाणे पेरायचे हा. रोपवाटिकेतून आणलेल्या गवताच्या गाद्या एका दिवसात अंगण हिरवे करतात, परंतु त्यांच्या खाली चिकट मातीचा पातळ थर असतो आणि खालची जमीन नीट तयार केलेली नसेल तर मुळे त्या थरातच घुटमळतात. असे गवत पहिल्या कडक उन्हाळ्यात माना टाकते. बियाण्यापासून आलेले गवत सुरुवातीचे दोन महिने फार निगा मागते, पण त्याची मुळे जिथे रुजतात तिथूनच खाली जातात आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. पाण्याची ओढ असलेल्या प्रदेशात खोल मुळांचे मोल मोठे आहे, म्हणून ज्याला घाई नाही त्याने बियाणेच पेरावे.

कोणते गवत

आपल्या हवामानात बियाण्यापासून हिरवळ करायला हरळीइतके भरवशाचे दुसरे गवत नाही. गणपतीला ज्या दूर्वा वाहतो तीच ही वनस्पती, आणि शेतकरी ज्या हरळीच्या काश्या उन्हाळाभर खणून काढतो तीही हीच. तिचा जो चिवटपणा शेतात त्रासदायक ठरतो तोच हिरवळीत उपयोगी पडतो. जमिनीवरून धावणारी आणि जमिनीखालून पसरणारी अशी दोन्ही प्रकारची खोडे तिला असतात, त्यामुळे तुडवली गेलेली जागा ती स्वतःच भरून काढते. चाळीस अंशांपुढचे ऊन तिला सोसते, आणि पाणी अगदीच तुटले तर ती वरून वाळते पण जमिनीखाली जिवंत राहते.

बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत हिरव्यागार चित्रांची बियाण्याची पाकिटे पुष्कळ मिळतात. त्यांवर रायग्रास, फेस्क्यू किंवा ब्लूग्रास असे लिहिलेले असेल तर ती घेऊ नयेत, कारण ही थंड प्रदेशांतील गवते आहेत. ती हिवाळ्यात पेरली तर उगवतात, मन प्रसन्न करतात आणि मार्च संपता संपता जळून जातात. पाकिटावर गवताचे नावच नसेल तर ते पाकीट दुकानातच ठेवावे. रोपवाटिकेत ज्याला सिलेक्शन वन म्हणतात ते गवत आणि इतर संकरित बारीक हरळ्या बियाण्यापासून होत नाहीत, त्यांची लागवड गाद्या किंवा काड्या लावूनच करावी लागते. कोरियन गवताचेही आपल्याकडे ठोंबच लावतात.

हरळीची एक अट मात्र कोणालाही मोडता येत नाही: तिला दिवसातून निदान सहा तास थेट ऊन हवे. मोठ्या झाडाखाली, दोन इमारतींमधल्या बोळात किंवा उंच भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत ती विरळ आणि लांबट होते, नंतर नाहीशी होते. अशा जागेवर बियाणे पेरणे म्हणजे बियाणे वाया घालवणे होय.

बियाणे घेताना टरफल काढलेले आहे की टरफलासह आहे ते विचारावे. टरफल काढलेले बियाणे अनुकूल उष्णतेत सात ते दहा दिवसांत उगवू लागते, टरफलासह असलेल्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तेवढे दिवस जमीन ओली ठेवणे अवघड जाते. प्रमाण साधारण एक चौरस मीटरला आठ ग्रॅम धरावे. म्हणजे शंभर चौरस फुटांना 75 ग्रॅम, पाचशे चौरस फुटांना 375 ग्रॅम आणि एका गुंठ्याला 800 ग्रॅम. हे आकडे वाचून बियाणे कमी वाटते, परंतु हरळीचे बी खसखशीसारखे बारीक असते आणि एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास बिया भरतात. दाट पेरले तर रोपे एकमेकांना दाबतात, बुडाशी हवा खेळत नाही आणि ढगाळ हवेत रोपे बुडातून कुजतात. काही बियाण्यांवर रंगीत आवरण चढवलेले असते. त्या आवरणाचे वजन बियाण्याइतकेही असू शकते, म्हणून असे बियाणे पाकिटावरील सूचनेप्रमाणे जास्त वापरावे आणि बुरशीनाशक लावलेले असल्यास हातमोजे घालूनच हाताळावे. उगवणशक्तीचा टक्का आणि तपासणीची तारीख पाकिटावर छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जमीन: सगळ्यात जास्त कष्ट इथे

हिरवळ बिघडते ती बहुधा पेरणीपूर्वीच, जमिनीत. मराठवाड्यात घराभोवतीची जमीन साधारणपणे दोन प्रकारची असते. एक म्हणजे मूळची काळी, चिकण माती, जी पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दुसरी म्हणजे नव्या वसाहतींमध्ये प्लॉट उंच करण्यासाठी टाकलेल्या मुरमाची भरणी, जिच्यात पाणी टिकत नाही आणि अन्नद्रव्ये जवळपास नसतात. या दोन्हींवर उपाय वेगळे आहेत.

आधी दोन्ही प्रकारांत बांधकामाचा राडारोडा काढावा. सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, खडी, विटांचे डबर, तारांचे तुकडे हे सगळे निदान फूटभर खोलीपर्यंत वेचून काढावे लागते. जिथे गवंड्याने माल कालवला होता तिथे सिमेंटचा कडक थर जमिनीखाली लपलेला असतो. तो टिकावाने फोडून पूर्णपणे उचलावा, नाहीतर त्या जागी गवताचा पिवळा गोल वर्षानुवर्षे दिसत राहतो.

त्यानंतर माती परीक्षण करून घ्यावे. परभणीला 1972 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जे आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, तिथे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील मृद परीक्षण प्रयोगशाळांत व कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी केल्यास ही सोय मिळते. जागेत चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी, सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो द्यावी. सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीचे प्रमाण हे चार आकडे आपल्याला महत्त्वाचे आहेत. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि हरळीला तो चालतो. अहवालात जमीन चोपण असल्याचे निघाले, म्हणजे सोडियमचे प्रमाण जास्त आले, तरच सांगितलेल्या मात्रेत जिप्सम टाकावे. शेजाऱ्याने टाकले म्हणून टाकू नये.

काळ्या मातीत घमेलेभर वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते असा समज आहे. थोड्या वाळूने काळी माती सुधारत नाही, उलट वाळल्यावर अधिक टणक होते. तिला खरा आधार सेंद्रिय खताचा असतो. सहा ते आठ इंच खोल खणून ढेकळे फोडावीत आणि त्यात दोन इंच थराइतके पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. त्यावर चाळलेली माती, कंपोस्ट आणि जाड वाळू समभाग घेऊन केलेल्या मिश्रणाचा दोन इंचांचा थर पसरावा, कारण बारीक बियाण्याला रुजायला हाच थर लागतो आणि पावसाच्या सरींनंतर काळ्या मातीवर जो कडक पापुद्रा धरतो तो या थरावर धरत नाही. बांधकामातून उरलेली वाळू सिमेंट मिसळलेली असते, ती वापरू नये. क्रश सँड घ्यायची असल्यास धुतलेली घ्यावी.

मुरमाच्या भरणीवर खणण्यात शक्ती घालवू नये. वरचे चार इंच कुदळीने मोकळे करावेत, म्हणजे दोन थर एकजीव होतात, आणि त्यावर सहा इंच चांगली पोयट्याची माती टाकावी. तलावातला गाळ मिळाला तर तो एकटा न वापरता निम्मा मुरूम किंवा वाळू मिसळून वापरावा, कारण गाळही वाळला की तडकतो. माल मागवताना ब्रासचा हिशेब कामी येतो: एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि एका गुंठ्यावर एक इंचाचा थर द्यायला सुमारे 90 घनफूट, म्हणजे ब्रासला थोडे कमी, सामान लागते. पाचशे चौरस फुटांना इंचाला 42 घनफूट धरावेत. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या भाषेत बोलेल, तेव्हा त्याची ट्रॉली किती ब्रासची आहे ते आधी विचारून घ्यावे.

शेणखताविषयी तडजोड करू नये. अर्धवट कुजलेल्या खतातून दोन संकटे येतात: जनावरांच्या चाऱ्यातून आलेले तणाचे बी, आणि हुमणीच्या अळ्या. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात आणि मऊ, खतावलेल्या जमिनीत अंडी घालतात. अळ्या पुढे मुळे कुरतडतात आणि गवत चटईसारखे हाताने उचलता येते. चांगले कुजलेले खत काळसर, दाणेदार असते, हातात घेतल्यावर गरम लागत नाही आणि त्याला शेणाचा वास राहिलेला नसतो. ते चाळूनच वापरावे.

शेवटी उतार. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेला दर दहा फुटांमागे एक ते दोन इंच उतार ठेवावा. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी यासाठी पुरेशी आहे. दोन टोकांना खुंट्या ठोकून, पातळी जुळवून, दोरी बांधून घेतली की डोळ्यांना न दिसणारे खळगे दिसू लागतात. काळ्या जमिनीत पाणी साचलेल्या प्रत्येक खळग्यात पुढे गवत कुजते आणि त्या जागी लव्हाळा माजतो. हिरवळीच्या कडेने जमिनीत सहा इंच खोल जाणारी विटांची किंवा उभ्या फरशीची किनार आताच बसवून घ्यावी, कारण हरळी एकदा फुलांच्या वाफ्यात शिरली की तिला बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते.

मे महिन्याचे ऊन कामाला लावावे

आपल्याकडचा मे महिना कोणालाच सुखाचा नसतो, परंतु तण मारायला त्याच्यासारखे साधन नाही. तयार केलेली जमीन भरपूर भिजवावी, तिच्यावर 25 ते 50 मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट ताणून अंथरावा आणि चारही कडा मातीत गाडून टाकाव्यात. कागद पारदर्शकच हवा, काळा नको. पारदर्शक कागदातून ऊन आत जाते आणि आतच अडकते. चार ते सहा आठवडे हा कागद राहिला की वरच्या काही इंचांतले बहुतेक तणांचे बी, बुरशी आणि किडींची अंडी नष्ट होतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र या उपायाने सगळ्या मरत नाहीत, त्या खणून वेचाव्याच लागतात. कागद काढल्यानंतर जमीन पुन्हा खोल खणू नये, नाहीतर खालचे ताजे बी वर येते.

ज्यांच्याकडे मे महिन्यात जमीन भिजवायलाही पाणी नाही त्यांनी दुसरी वाट धरावी. मृगाच्या पहिल्या पावसावर पेरणी न करता त्या पावसाने तण उगवू द्यावे. आठ-पंधरा दिवसांत माठ, घोळ, केना, दुधाणी, तरोटा, गाजर गवत सगळे डोके वर काढतात. ते दोन पानांवर असतानाच खुरप्याने किंवा दंताळ्याने वरच्या वर खरवडून टाकावे आणि मगच बियाणे पेरावे. मृग वाया गेल्यासारखा वाटेल, पण पुढे हरळीच्या कोवळ्या रोपांतून एकेक तण उपटत बसण्याचे काम त्यामुळे निम्म्याहून कमी होते. ऊन देणे आणि पहिले तण काढणे हे दोन्ही जमले तर फारच उत्तम.

पेरणी

पेरणीची उत्तम वेळ आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रांत, म्हणजे जूनच्या चौथ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत येते. तोवर जमीन चांगली ओलावलेली असते, हवा उष्ण पण दमट असते आणि गवताला थंडीपूर्वी पसरायला तीन-चार महिने मिळतात. ऑगस्टअखेरपर्यंतही पेरता येते. त्यानंतर मात्र थांबावे, कारण डिसेंबरात परभणीकडचे रात्रीचे तापमान दहा अंशांच्याही खाली उतरते आणि कोवळी हरळी वाढायची थांबते. पाण्याची खात्री असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चची सुरुवात हा दुसरा हंगाम आहे, पण तेव्हा रोपे लहान असतानाच उन्हाळा गाठतो, म्हणून मी तो सुचवणार नाही.

पेरणी वाफशावरच करावी. मूठभर माती हातात दाबून बोटाने टिचकी मारल्यावर ती सहज फुटली तर वाफसा आहे; ती चकाकत असेल आणि फावड्याला चिकटत असेल तर दोन दिवस थांबावे. हवामान खात्याने मोठ्या पावसाचा इशारा दिला असेल तर तो पाऊस होऊन जाऊ द्यावा, कारण इतके हलके बियाणे एका धो-धो सरीत उताराच्या खालच्या टोकाला जाऊन साचते.

दंताळ्याने पृष्ठभाग सपाट करून त्यावरून रोलर फिरवावा. रोलर नसल्यास पत्र्याचा ड्रम अर्धा पाण्याने भरून लोटला तरी चालतो. मोठ्या माणसाने त्यावरून चालल्यावर पाऊल अर्ध्या इंचाहून खोल उमटू नये, इतका तो घट्ट झालेला असावा. नंतर दंताळे हलकेच ओढून वरची पाव इंच माती मोकळी करावी. प्रत्येक चौरस मीटरला दहा ग्रॅम डीएपी किंवा तीस ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट याच वेळी मातीत मिसळावे, कारण कोवळ्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) हाताशी लागतो आणि चुनखडीच्या जमिनीत तो खाली सरकत नाही. परीक्षणात स्फुरद भरपूर आला असेल तर हे वगळावे.

आता जागेचे दोरी लावून शंभर-शंभर चौरस फुटांचे चौकोन पाडावेत आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक चौकोनाचे 75 ग्रॅम बियाणे वेगळे मोजून घ्यावे. हा थोडा वेळखाऊ प्रकार वाटेल, पण एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला टक्कल अशी हिरवळ होते ती हे न केल्यामुळेच. मोजलेले बियाणे त्याच्या चार-पाच पट कोरड्या बारीक वाळूत मिसळावे आणि त्याचे दोन भाग करावेत. पहाटे वारा पडलेला असताना पहिला भाग उभा आणि दुसरा आडवा फेकावा. हात कमरेइतका खाली ठेवून, मुठीतून बोटांच्या फटींमधून बी सुटू द्यावे. वाळूचा फिकट रंग काळ्या मातीवर दिसतो, त्यामुळे कुठे पडले आणि कुठे राहिले ते लगेच कळते.

बियाणे झाकताना हात आवरावा लागतो. पाव इंचापेक्षा खोल गेलेले बी बाहेर येत नाही. दंताळ्याची पाठ फक्त एकदा, वजन न देता, पृष्ठभागावरून फिरवावी. काही बिया उघड्या दिसत राहिल्या तरी चिंता करू नये. पुन्हा हलका रोलर फिरवून बी मातीला टेकवावे आणि चाळलेल्या कंपोस्टची अगदी पातळ भुरभुर वरून द्यावी. उतार असेल किंवा पावसाचा जोर असेल तर ओले गोणपाट पसरून कडांना खिळे किंवा दगड लावावेत. सोयाबीनचे भुसकट आच्छादनाला वापरण्याचा मोह होतो, परंतु त्यात तणाचे बी असते. मुंग्या बियाणे ओढून नेतात, म्हणून कडेला मुंग्यांची वारुळे नाहीत ना ते पेरणीपूर्वीच पाहावे, आणि चिमण्या-पारव्यांसाठी दोन-चार काठ्यांना चमकत्या पट्ट्या बांधाव्यात.

पहिले सहा आठवडे

उगवण होईपर्यंत वरची अर्धा इंच माती एकदाही पूर्ण वाळू द्यायची नाही आणि एकदाही चिखल होऊ द्यायचा नाही. पावसाची रिपरिप असेल तर वेगळे पाणी नकोच. उघडीप पडली की दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी चौरस मीटरला दोन-तीन लिटर, बारीक छिद्रांच्या झारीने किंवा फवारा लावलेल्या पाइपने पाणी शिंपडावे. पाइपाची मोकळी धार लावली तर बियाणे वाहून जाते. मराठवाड्यात पावसाचा खंड पंधरा-पंधरा दिवसांचा पडतो हे सर्वांच्या अनुभवाचे आहे, म्हणून पेरणीच्या दिवशीच तेवढे पाणी टाकीत आहे ना याची खात्री करावी. अंकुर फुटलेले बी एकदा वाळले की ते पुन्हा जिवंत होत नाही.

उगवण पाहायची तर सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीजवळ बसावे. उभ्याने काहीच दिसत नाही, पण खाली वाकून पाहिले की केसासारखी बारीक, फिकट हिरवी, कुठे तांबूस छटेची टोके मातीतून वर आलेली दिसतात. ती दिसताच गोणपाट त्याच संध्याकाळी उचलावे. एक दिवस उशीर झाला तरी रोपे तागाच्या धाग्यांत अडकतात आणि गोणपाटाबरोबर उपटून येतात.

तीन आठवड्यांनंतर पाण्याची पद्धत उलटी करावी. थोडे-थोडे वारंवार देण्याऐवजी दिवसाआड, मग तीन दिवसांनी, पण खोलवर भिजेल एवढे पाणी द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि असे गवत उन्हाळ्यात टिकत नाही.

या काळात कोणतेही तणनाशक मारू नये, रोपे ते सोसू शकत नाहीत. रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे टू-फोर-डी नंतरही जपूनच वापरावे. आसपास कपाशी असेल तर अजिबात वापरू नये, कारण वाऱ्याने उडालेल्या त्याच्या तुषारांनीही कपाशीची पाने आकसून विकृत होतात. तण हातानेच काढावे. जमीन ओली असताना फळी टाकून तिच्यावर बसून काम केले की रोपे तुडवली जात नाहीत. गाजर गवत हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. तिधारी दांड्याचा लव्हाळा उपटला तर गाठ खालीच राहते, म्हणून तो खुरप्याचे टोक खोल घालून गाठीसह काढावा. खूप मोठी सर येऊन जागोजाग बियाणे वाहून गेले तरी लगेच उकरू नये. दोन आठवडे थांबून रिकाम्या राहिलेल्या जागांवरच नवे बी टाकावे.

गवत दोन इंचांपर्यंत वाढले, साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, की पहिली कापणी करावी. माती वरून सुकलेली असावी आणि पाते धारदार असावे, कारण बोथट पात्याने कोवळी रोपे कापली न जाता उपटली जातात. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, म्हणजे दोन इंचांचे गवत साधारण दीड इंचावर आणावे. कापल्याने हरळी खुंटत नाही, आडवी पसरते. वारंवार आणि थोडी कापलेली हिरवळ दसऱ्यापर्यंत मोकळ्या जागा भरून काढते.

पहिल्या कापणीनंतर एका गुंठ्याला अर्धा किलो युरिया वाळूत मिसळून, पाने कोरडी असताना सारखा फेकावा आणि लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाने भाजतात. महिन्याने तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. युरिया देऊनही कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी आढळते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारावे. भिंतीवर आणि फरशीवर त्याचे तपकिरी डाग पडतात, तेवढे सांभाळावे.

हिवाळा आणि पहिला उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत हिरवळ फिकट होते आणि वाढ मंदावते. हा तिचा स्वभाव आहे. ती हिरवी करण्यासाठी खत किंवा जादा पाणी देऊ नये. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की रंग परत येतो, तेव्हा खताची एक हलकी मात्रा द्यावी आणि काळ्या जमिनीत भेगा दिसू लागल्यास त्या कंपोस्ट आणि वाळूच्या मिश्रणाने भराव्यात.

एप्रिलमध्ये कापणीची उंची वाढवून दोन इंचांवर न्यावी, त्यामुळे जमिनीवर सावली राहते. पाणी आठवड्यातून एकदाच, पण पहाटे आणि भरपूर द्यावे. पाणी मुळीच पुरत नसेल तर गवत खुशाल पिवळे पडू द्यावे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मुळे ओली होतील एवढे पाणी मिळाले तरी रुजलेली हरळी जगते आणि पावसाने पुन्हा फुटते. आंघोळीचे पाणी गवताला चालते, कपड्यांच्या पावडरीचे पहिले पाणी मात्र देऊ नये, कारण त्यातील सोडियमने काळी माती चोपण होते. आर ओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी विंधन विहिरीच्या पाण्यापेक्षाही खारट असते, तेही टाळावे. घर शेताला लागून असेल तर गवत तुऱ्यावर येण्यापूर्वीच कापत राहावे, म्हणजे आपले बी शेजाऱ्याच्या रानात जाणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात ज्या जागा उघड्या दिसतील त्यांच्यासाठी उरलेले बियाणे हवाबंद डब्यात, कोरड्या आणि थंड कोपऱ्यात जपून ठेवावे. वापरण्यापूर्वी त्यातील शंभर बिया ओल्या सुती फडक्यावर पसरून उबदार, उजेडाच्या जागी ठेवाव्यात, फडके वाळू देऊ नये आणि दोन आठवड्यांनी मोड मोजावेत. सत्तरच्या वर मोड आले तर नेहमीचे प्रमाण ठेवावे. कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवावे, आणि चाळीसच्याही खाली आले तर नवे बियाणे आणावे.